प्लीट जागेवर धरायच्या, त्या इस्त्री उचलल्यावरही

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि त्याच सुमाराला पाऊसही अंबरनाथ-बदलापूरवर ठाण मांडतो. दोरीवरचा गणवेश दोन-दोन दिवस वाळत नाही. सकाळच्या शाळेत जाणाऱ्या मुलीचा प्लीटचा स्कर्ट रात्री उशिरा, अर्धवट ओला असतानाच, इस्त्रीखाली येतो. एक प्लीट दाबली की शेजारची सरकते. ती सावरायला हात पुढे केला की बोटाला चटका बसतो. एवढं करून सकाळी उजेडात पाहिलं तर प्रत्येक प्लीटवर दोन रेघा दिसतात, एक जुनी आणि तिच्याशेजारी आजची नवी.

हा त्रास टाळणारं साधन घरीच बनवता येतं. त्याला एक फळी लागते, तिच्यावर घालायचा जाड सुती अभ्रा लागतो आणि प्लीट बांधून ठेवणाऱ्या दोन-तीन पट्ट्या लागतात. ते कसं करायचं आणि कसं वापरायचं, हे पुढे सविस्तर सांगते. पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण ती कळली नाही तर कितीही महागडं साधन आणलं तरी उपयोग होत नाही. प्लीट बसते ती कापड गरम असताना नव्हे, थंड होताना. आपण मात्र इस्त्री फिरवून होताच चिमटे काढतो, स्कर्ट उचलतो आणि हँगरला लावतो. कापड तेव्हा गरमच असतं, म्हणजे हवं तसं वळायला तयार असतं. उचलताना ते जसं लोंबतं, तसंच थंड होतं. म्हणून प्लीट धरणाऱ्या साधनाची खरी गरज इस्त्री उचलल्यानंतरच्या चार-पाच मिनिटांत असते.

यामागचं कारण धाग्यात आहे. शाळेच्या गणवेशाचं कापड बहुधा टेरिकॉट किंवा पॉलिएस्टर-व्हिस्कोस असतं, म्हणजे त्यात पॉलिएस्टरचा वाटा मोठा असतो. पॉलिएस्टर हे एक प्रकारचं प्लॅस्टिकच. साधारण 70 ते 80 अंश सेल्सिअसच्या पुढे ते आतून सैल होऊ लागतं आणि 255-260 अंशांना वितळतं. या दोन टोकांच्या मध्ये त्याला जी घडी घालाल ती ते घेतं आणि पुन्हा थंड झालं की ती घडी पक्की होते. सुताचं तंत्र वेगळं आहे. सुती धाग्यातले रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. पाणी लागलं की हे बंध सुटतात, पाणी उडून गेलं की नव्या घडीत पुन्हा जुळतात. म्हणून सुती कपड्याला इस्त्री करताना पाणी शिंपडावं लागतं आणि तो पूर्ण कोरडा होईपर्यंत घडी धरून ठेवावी लागते. जुलैतल्या दमट हवेत सुती प्लीट दुपारपर्यंत का विसकटतात, याचंही उत्तर हेच आहे. हवेतला ओलावा ते बंध पुन्हा सैल करतो.

कारखान्यातही याच तत्त्वावर प्लीट पाडतात. जाड कागदाचे दोन साचे आधीच घड्या घालून तयार ठेवलेले असतात. त्यांच्या मध्ये कापड पसरायचं, दोन्ही कागदांसकट ते मिटून बांधायचं, वाफेच्या पेटीत ठेवायचं आणि पूर्ण थंड झाल्यावरच उलगडायचं. जपानी वेशभूषाकार इस्सी मियाके यांनी 1993 मध्ये 'प्लीट्स प्लीज' या नावाने जे कपडे आणले, त्यांत आधी मोठ्या मापाचा कपडा शिवून मग तो कागदांच्या मध्ये घालून उष्णतेने चुणला जाई. आपल्याकडे तर इस्त्रीशिवायही हे काम होत असे. धुतलेलं उपरणं ओलसर असतानाच बोटांनी बारीक चुणून, पीळ देऊन तसंच वाळू देत. बंगालमध्ये कुर्त्याच्या बाह्या चुणायला एका वेलीची मोठी, चपटी, गुळगुळीत बी वापरतात. कोकणात आपण त्याच वेलीला गारंबी म्हणतो. साधनं निरनिराळी असली तरी धरणं आणि तसंच वाळू किंवा निवू देणं, या दोन गोष्टी सगळीकडे आहेतच.

आता फळीकडे वळू. बारा मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा पुरेसा आहे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात किंवा तुमच्या जवळच्या सुताराकडे कापून उरलेले तुकडे मिळतात, नवी शीट घेण्याची गरज नाही. माप मुलीच्या स्कर्टवरून ठरवायचं. कमर 24 इंच असेल तर स्कर्ट सपाट ठेवल्यावर कमरेशी 12 इंच भरतो. फळी त्याच्या आत सहज सरकली पाहिजे, म्हणून रुंदी नऊ ते दहा इंच ठेवा. लांबी स्कर्टच्या उंचीपेक्षा पाच-सहा इंच जास्त हवी, म्हणजे दोन्ही टोकं बाहेर राहतात आणि फळी हाताने धरता येते. चारही कडा पॉलिश पेपरने चांगल्या घासून घ्या. प्लायवूडची एक कुसळ टेरिकॉटचा धागा ओढायला पुरते.

फळीवर जुन्या ब्लँकेटचे किंवा जाड चादरीचे दोन थर गुंडाळा आणि त्यावर उशीच्या अभ्र्यासारखा मांजरपाटाचा अभ्रा शिवून घाला. फळी दोन्ही बाजूंनी वापरायची आहे, म्हणून शिवण अरुंद कडेवर येऊ द्या. मांजरपाट आधी एकदा गरम पाण्यातून धुवून घ्या. त्यामुळे तो आटून जातो आणि त्याला लावलेली खळही निघते. ती खळ राहिली तर इस्त्रीच्या तव्याला चिकटून करपते आणि पांढऱ्या ब्लाउजवर तिचा तपकिरी डाग पडतो. ब्लँकेटऐवजी फोम किंवा रेक्झिन वापरण्याचा मोह होतो, तो टाळा. फोम उष्णतेने बसतो आणि रेक्झिन वितळतं.

अभ्र्यावर पेन्सिलने एक-एक इंचावर उभ्या रेघा मारून ठेवा. बॉलपेन नको, त्याची शाई उष्णतेने कपड्यावर उतरू शकते. एक इंची प्लीट असेल तर प्रत्येक प्लीटची कड एका रेघेवर बसवायची. प्लीट ओळीत आहेत की तिरक्या होत चालल्या आहेत, हे त्यामुळे एका नजरेत कळतं. एकाच दिशेला वळलेल्या प्लीट जेव्हा एकमेकींना भिडतात, तेव्हा एक इंच दिसणाऱ्या प्लीटला तीन इंच कापड लागतं: एक इंच वर दिसणारं आणि दोन इंच आत दुमडलेलं. म्हणजे 24 इंच कमरेच्या स्कर्टला 24 प्लीट आणि शिवणीचं सोडून 72 इंच घेर. स्कर्टचा घेर मोजला तर तुमच्या शिंप्याने प्लीट पुऱ्या खोल घातल्या आहेत की कापड वाचवून उथळ केल्या आहेत, हेही लगेच समजतं. उथळ प्लीट कशाही धरल्या तरी बसल्यावर उघडतात.

पट्ट्यांसाठी इलॅस्टिक घेऊ नका. ते गरम होऊन हळूहळू ढिलं पडतं, शिवाय प्लीट ओढून घेतं. एक इंच रुंदीची, जाड विणीची सुती पट्टी घ्या आणि तिच्या टोकांना वेल्क्रो शिवा. शिवणकामाचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात या दोन्ही वस्तू मिळतात. पट्टीची लांबी फळीला पूर्ण वेढा बसून वर तीन इंच राहील एवढी हवी. वेल्क्रोची खरखरीत बाजू कपड्याला लागणार नाही अशी, वरच्या अंगाला शिवा आणि बांधताना तो जोड फळीच्या अरुंद कडेवर येऊ द्या. वेल्क्रो नायलॉनचा असतो, इस्त्री त्याच्यावरून गेली तर तो चिकटेल. अशा दोन पट्ट्या पुरतात. स्कर्ट गुडघ्याखाली जाणारा असेल तर तीन करा.

वापरताना स्कर्ट फळीवर चढवा. पिनाफोर असेल तर घेराच्या बाजूने फळी आत सरकवा. कमरेशी प्लीट शिवलेल्याच असतात, त्यामुळे तिथे काही जुळवावं लागत नाही. खालच्या टोकाला एकेक प्लीट चिमटीत धरून हलकेच सरळ ताणा आणि रेघेवर बसवा. ताण फक्त कापड सरळ होईल एवढाच. जास्त ओढलं तर इस्त्री झाल्यावर घेर वरखाली दिसतो. एका बाजूच्या सगळ्या प्लीट बसल्या की फळी उलटी करून दुसऱ्या बाजूच्याही ढोबळ बसवून घ्या, मग कमरेखाली तीन इंचांवर पहिली पट्टी आणि घेराच्या काठाच्या वर दोन इंचांवर दुसरी पट्टी आवळा. पट्टी घट्ट असावी, पण कापडात रुतू नये.

आता इस्त्री दोन पट्ट्यांच्या मधल्या भागावर. इथे बहुतेकांचा हात चुकतो, कारण शर्टाची सवय असते. शर्टावर इस्त्री सरकवतात, प्लीटवर ती ठेवायची आणि उचलायची. आठ-दहा सेकंद दाबून धरा, उचला, पुढच्या जागी ठेवा. सरकवलेली इस्त्री वरचं कापड पुढे ढकलते आणि आतली घडी जागेवर राहते, त्यातूनच दुसरी रेघ उमटते. गडद निळ्या किंवा राखाडी टेरिकॉटवर थेट इस्त्री ठेवली की काही महिन्यांत कापडाला चकाकी येते आणि ती जात नाही. मध्ये मलमलचं किंवा जुन्या सुती साडीचं कापड घाला, किंचित ओलं करून. त्यातून निघणारी वाफ प्लीटला चांगली पकड देते.

मधला भाग झाला की थांबा. पंखा लावा, पाच मिनिटं दुसरं काम करा. घाई असेल तर पॉलिश न केलेल्या साध्या लाकडाची एक सपाट फळकुटी गरम प्लीटवर दाबून ठेवा. कोरं लाकूड वाफ आणि उष्णता दोन्ही शोषून घेतं. विलायती कोट शिवणारे कारागीर याच कामासाठी लाकडाचा ठोकळा बाळगतात. हाताच्या पाठीला कापड थंड लागलं की पट्ट्या सोडा, त्या आता इस्त्री झालेल्या मधल्या भागावर सरकवा आणि आधी पट्टीखाली झाकले गेलेले दोन आडवे पट्टे दाबून घ्या. मग पुन्हा थंड होऊ द्या, फळी उलटा, दुसरी बाजू. पहिल्या दोन-तीन वेळा याला वेळ लागेल. हात बसला की लागत नाही, आणि एकदा नीट बसलेल्या प्लीट पुढच्या धुण्यानंतर आपापल्या जागा स्वतः दाखवतात.

उष्णता किती ठेवायची? कपड्याच्या पट्टीवर इस्त्रीचं चित्र आणि त्यात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. टेरिकॉट आणि पॉलिएस्टर-व्हिस्कोसला दोन ठिपके योग्य. कापड कशाचं आहे याची खात्री नसेल तर शिवणीच्या आतला एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवून पाहा. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर आकसत वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. मिश्र कापडात दोन्ही थोडं-थोडं दिसतं. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये कापड घेताना हाच प्रश्न दुकानदाराला आधी विचारा: यात पॉलिएस्टर किती? बहुतेक दुकानदार खरं सांगतात, कारण गिऱ्हाईक पुन्हा येणार असतं. प्लीटच्या गणवेशासाठी शुद्ध सुती कापड ऐकायला छान वाटलं, तरी या भागातल्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात मिश्र कापडच टिकाव धरतं. उन्हाळ्यात घाम येतो हे खरं, म्हणून वरचा ब्लाउज सुती घ्या आणि स्कर्ट मिश्र.

फळी करायला सवड नसेल तर चिमट्यांवर भागवता येतं, फक्त चिमटा कोणता हे पाहा. कपडे वाळत घालायचे लाकडी, तारेच्या स्प्रिंगचे चिमटे सर्वांत बरे. प्लॅस्टिकचे इस्त्रीजवळ वितळतात. कचेरीतल्या काळ्या बाइंडर क्लिपा पकड चांगली देतात, पण पावसाळ्यात त्यांना गंज चढतो आणि ओलसर कापडावर तांबूस डाग पडतो, जो सहजी जात नाही. शिवाय त्यांच्या कडेचा वळ कापडावर उमटतो. वापरायच्याच असतील तर मध्ये जाड कागदाची घडी घाला. टाचण्यांचंही तेच, गंजलेली एकही डब्यात ठेवू नका. काही जणी लोखंडी पत्र्यावर चुंबक ठेवून प्लीट धरतात. कल्पना चांगली आहे, पण छोटे, चकचकीत, फार जोरदार असणारे निओडिमियम चुंबक साधारण 80 अंशांच्या पुढे आपली शक्ती गमावू लागतात. ते इस्त्रीखाली येऊ देऊ नका. आणि सगळ्यात जुना, सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे कच्चा टाका. धुण्याआधीच घेराच्या काठाशी प्रत्येक प्लीटला सैल दोरा घाला, तसाच स्कर्ट धुवा, वाळवा, इस्त्री करा, आणि शेवटी दोरा ओढून काढा. महिन्यातून एकदा असं केलं तर मधल्या आठवड्यांत फळीही फारशी लागत नाही.

धुण्याचा भाग दुर्लक्षिला जातो, तरी निम्मी इस्त्री तिथेच वाचते. प्लीटचा स्कर्ट पिळायचा नाही. मशीनमध्ये टाकायचा असेल तर जाळीच्या पिशवीत, उलटा करून. बाहेर काढल्यावर कमरेला दोन-तीन चिमटे लावून उभा टांगा आणि ओला असतानाच हाताने एकेक प्लीट वरून खाली ओढून घ्या. बाहेर पाऊस असेल तर जुन्या लेगिंगचा एक पाय कापून ठेवा, स्कर्ट जवळजवळ वाळला की लांबट मिटून त्यात सरकवा. दाबात राहून तो उरलेला सुकतो आणि प्लीट पसरत नाहीत. गावाला जातानाही बॅगेत असाच ठेवा. सुती कपड्यांना भाताच्या पेजेची किंवा साबुदाण्याची खळ घालत असाल तर पावसाळ्यात खळ घातलेला कपडा लगेच वापरून टाका. खळीचे कपडे दमट कपाटात ठेवले तर बुरशी धरते आणि कसर लागते. शिवणीच्या चुकीने किंवा घाईत पडलेली जुनी रेघ काढायची असेल तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर मिसळून त्यात भिजवलेल्या कापडाने रेघ ओलसर करा आणि वरून कापड ठेवून दाबा. आधी आतल्या शिवणीवर रंग जातो का ते बघून घ्या. पॉलिएस्टरवर जास्त तापलेल्या इस्त्रीने पडलेली रेघ मात्र बहुधा कायमचीच असते.

वाफेची इस्त्री असेल तर तिच्यात कुठलं पाणी घालता याकडे लक्ष असू द्या. आपल्याकडे अनेक इमारतींत उन्हाळ्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं. त्यातले क्षार इस्त्रीच्या भोकांत साठतात आणि एक दिवस पांढरट ओघळ बनून नेमके गडद स्कर्टवर उतरतात. उकळून गार केल्याने हे क्षार पूर्ण जात नाहीत. गाळणी यंत्राचं, म्हणजे आरओचं पाणी त्यामानाने बरं.

आता साडी. बदलापूर ते मुंबई सीएसएमटी हे अंतर सुमारे 68 किलोमीटर आहे. सणाच्या किंवा कचेरीतल्या कार्यक्रमाच्या दिवशी पहाटेची लोकल पकडणारी बाई सहा वाजता आरशासमोर उभी राहून निऱ्या घालत बसू शकत नाही. म्हणून आदल्या रात्री निऱ्या घालून, इस्त्री करून साडी घडीत तयार ठेवण्याची पद्धत आता घरोघरी पोहोचली आहे. त्यासाठी प्लॅस्टिकचे दाते असलेली निऱ्या घालायची साधनंही मिळतात. ती निऱ्या सारख्या मापाच्या पाडायला चांगली आहेत, इस्त्रीखाली धरायला नाहीत. निऱ्या पडल्या की साधन काढा आणि लाकडी चिमटे लावा.

पदरासाठी दोन सपाट लाकडी पट्ट्या पुरतात, शाळेच्या लाकडी फूटपट्ट्याही चालतील. साडीचा पन्हा साधारण 45 इंच असतो. पाच-पाच इंचांनी पुढेमागे दुमडला की नऊ थर होतात. काठ सगळ्यात वर, पूर्ण दिसेल असा ठेवा. पदराचं टोक दोन पट्ट्यांच्या मध्ये घालून पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना रबर लावा. खांद्यावर जिथे पिन येते तिथे एक चिमटा. मधला भाग दाबा, थंड करा, मग चिमटा हलवून राहिलेला भाग. पुढच्या निऱ्यांना थोडं गणित आहे. पाच इंची एक निरी दहा इंच कापड घेते, सहा निऱ्यांना 60 इंच. पण त्या साडीत नेमक्या कुठून सुरू करायच्या हे प्रत्येकीच्या घेरावर ठरतं. म्हणून आधी एकदा साडी अंगावर नेसून, परकर आणि त्या दिवशीच्या चपला घालून, निऱ्यांच्या सुरुवातीला आणि शेवटाला रंगीत दोरा बांधून ठेवा. अंदाजाने घातलेल्या निऱ्या खोचताना हमखास चार बोटं इकडेतिकडे होतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

हेच काम घरून करून चार पैसे मिळवणाऱ्या बायका अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या तिन्ही शहरांत आहेत. तुम्हीही त्याचा विचार करत असाल तर दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. साडी हातात घेताच, गिऱ्हाईक समोर असताना, उलगडून पाहा आणि आधीचा डाग, उसवण, जुनी जळकी खूण असेल तर तिला दाखवा, जमल्यास फोटो काढा. आणि प्रत्येक साडीच्या पदराच्या आतल्या बाजूला, मुठीएवढ्या जागेवर, कमी उष्णतेची इस्त्री ठेवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. परक्याची साडी जाळणं हे पैशाने भरून न येणारं नुकसान आहे.

खऱ्या पैठणीला आणि जरीच्या रेशमी साड्यांना हे सगळं लागू करू नका. रेशमाला उलट बाजूने, वर सुती कापड घालून, मंद इस्त्री द्या. जरीवर कडक घडी मुळीच पाडू नका. कार्यक्रमासाठी निऱ्या घातल्या असतील तर नेसून झाल्यावर साडी पूर्ण उलगडा, सावलीत हवा लागू द्या आणि वेगळ्या रेघांवर घडी करून मलमलमध्ये ठेवा. महिनोन्‌महिने एकाच निरीवर मिटलेली जर त्या रेघेवरच तुटते, आणि तुटलेली जर कुणालाच पूर्ववत करता येत नाही. तयार निऱ्यांची घडी करून कपाटात ठेवण्याची हौस कृत्रिम धाग्याच्या साड्यांवर भागवा.

इस्त्रीच्या सुरक्षिततेबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे, कारण आपल्याकडे पावसात वीज जाते आणि येते. प्लीट दाबत असताना वीज गेली तर इस्त्री लगेच उभी करा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. अंधारात इस्त्री फळीवर तशीच पडून राहते, आपण मेणबत्ती शोधायला जातो, वीज परत येते, आणि घरात लहान मूल असतं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत खुपसून वापरू नका. जुन्या चाळीत, बराकीच्या घरांत आणि भाड्याच्या खोल्यांत अर्थिंग आहे की नाही हे एकदा वायरमनकडून तपासून घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून इस्त्री करू नका. विजेच्या बिलाची काळजी असेल तर हजार वॉटची इस्त्री सलग तासभर तापत राहिली तरी एक युनिट जळतं. कमी उष्णतेचे कपडे आधी आणि सुती शेवटी, असा क्रम ठेवला की ती सारखी गार-गरम करावी लागत नाही.

आणि नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याला विसरू नका. त्याची कोळशाची किंवा आता अनेकांकडे आलेली गॅसची इस्त्री आपल्या घरच्या इस्त्रीपेक्षा कितीतरी जड असते, आणि प्लीटला वजन मानवतं. प्लीटच्या स्कर्टचे तो जास्त पैसे मागतो, ते योग्यच आहेत, एका स्कर्टच्या वेळात तो चार शर्ट करू शकतो. हवं तर कच्चा टाका घातलेला स्कर्टच त्याच्याकडे द्या. त्याचं काम सोपं होईल आणि तुमच्या रेघा चुकणार नाहीत.

शेवटी पालकांना एक विनंती. पुढच्या वर्षीचा गणवेश शिवायला टाकाल तेव्हा शिंप्याला दोन गोष्टी सांगा: प्रत्येक प्लीट कमरेपासून खाली चार-पाच इंच शिवून टाकायची, आणि उरलेल्या लांबीवर प्लीटच्या आतल्या घडीला कडेने बारीक शिलाई मारायची. या शिलाईला शिंपी थोडे जास्त पैसे घेईल, पण वर्षभराची रात्रीची निम्मी इस्त्री ती वाचवते. शाळेच्या पालक-शिक्षक सभेत गणवेशाचा विषय निघाला की हेच तिथेही बोला, म्हणजे दुकानातून मिळणारे तयार स्कर्टही तसेच शिवून येतील.